वातीचा बाप

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला खल्फान यायचा
दर महिन्याच्या चार तारखेला,
आणि माझ्या तराजूकडे बघत राहायचा,
जणू तोच विकत घ्यायचाय.
एकदा म्हणाला, तुझा हात हलत नाही.
शुक्रवारी ये. नवऱ्यालाही आण, सावलीत बसेल.

बहलाच्या मागे, कोरड्या वादीत,
बाभळीला टेकवून ठेवली होती ती:
माझ्या खांद्याएवढी उंच,
नळीला जागोजाग चांदीच्या पट्ट्या.
अबू फतीला, तो म्हणाला. वातीचा बाप.
आमच्याकडे हिला तोड्याची बंदूक म्हणतात, मी म्हटलं.
तोडा म्हणजे?
मी मनगट पुढे केलं, मग पेटती दोरी दाखवली.
दोन्ही. शब्द एकच.
तो बराच वेळ हसला.

शब्द सगळे होतेच माझ्याकडे, न वापरलेले:
ठासणी, गज, चाप, कान, रंजक.
अण्णांची बंदूक राखणीची, रानडुकरांसाठी.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा,
पावती देव्हाऱ्यात.
भावाला बार भरायला शिकवला,
मला गज पुसायला दिला.

नवरा तर घरी फोनवर सांगून मोकळा:
इकडे येऊन हिला दारूचा नाद लागला.

खल्फानचं माप म्हणजे बकऱ्याच्या शिंगाचा तुकडा.
सवयीने मी काठावरची भुकटी बोटाने सपाट केली.
हे शिकवावं लागलं नाही, तो म्हणाला.
मग चिंधी, शिशाची गोळी, मग गज.
ठास, पण मारू नकोस.
गोळी दारूवर टेकली की गजाचा आवाज बदलतो, ऐक.
ऐकलं. खरंच बदलतो.
कानाशी चिमूटभर रंजक,
तोड्यावर फुंकर, लाल डोळा उघडेपर्यंत.

चाप ओढला.
रंजक भडकली, भुवई जळल्याचा वास आला,
आणि पुढे काही नाही.
फुसका बार.
मी वळणार, तोच त्याचा तळहात हवेत:
नळी समोरच. मोज.
साठापर्यंत मोजलं, मराठीत,
एकोणपन्नासला नेहमीसारखी अडखळत.
वादीत एक बकरी खोकली.
नवऱ्याने थर्मासचं झाकण लावलं.
साठ.
सबर, खल्फान म्हणाला. निम्मी नेमबाजी हीच.
उरलेली निम्मी म्हणजे सुईने कान कोरणं.

दुसरा बार झाला.
आधी खांदा, मग आवाज,
मग डोंगराने परत केलेला आवाज,
आणि धूर एवढा दाट, की समोरचा ताकाचा डबा
पडला की उभा, कुणालाच कळेना.
वारा नव्हता. सडक्या अंड्याचा वास.
डबा उभा होता.
खल्फानने टाळ्या वाजवल्या, बहुधा डब्यासाठी.

संध्याकाळी त्याच्या अंगणात उकळतं पाणी नळीत ओतलं.
शाई होऊन बाहेर आलं. तीनदा. चारदा.
आज नाही धुतलीस तर उद्या गंज,
ही उधारी ठेवत नाही, तो म्हणाला,
आणि ते पाणी लिंबाच्या आळ्यात ओतू नकोस.

रात्री अण्णांना फोन. वय ब्याऐंशी.
मागच्या निवडणुकीला जमा केलेली त्यांची बंदूक
अजून ठाण्यातच; आणायला गुडघे नाहीत.
सगळं सांगितलं.
ते गप्प. पलीकडे पंखा कुरकुरत होता.
मला वाटलं, आता मुलीच्या जातीला वगैरे.
मग विचारलं:
बार काढण्याआधी गज बाहेर घेतला होतास ना?
हो.
पुसलास?
पुसला. खोबरेल लावलं.
खोबरेल नको, गोठतं.
इथे नाही गोठत, अण्णा.
पुन्हा पंखा.
बरं, म्हणाले. माप कशाचं होतं?