तीन आकडी रकाना

कोरूशजवळच्या त्या बुचाच्या कारखान्यात
आम्ही चौघे उतरलो फेब्रुवारीत,
लिस्बनहून, खांद्यावर एकसारख्या काळ्या बॅगा,
अठरा आठवड्यांचा करार.
मालक म्हणाले, ही मंडळी आता
गोदाम, खरेदी, पगार, हिशेब
सगळं एका पडद्यावर आणणार.
मागे उभ्या कामगारांत कुणीतरी खोकलं.
बाकी तोंडांना बूच.

गोदामाच्या देओलिंदाकडे एकतीस वह्या होत्या.
पहिल्याच दिवशी विचारलं, माप कोणतं?
अरोबा, ती म्हणाली.
आमच्या यादीत किलो होता, टन होता,
गॅलन होता, डझन होतं, कधी कुणी न वापरलेला
घनइंच होता.
अरोबा नव्हता.
पंधरा किलो धरू या, मी म्हटलं.
पंधराला थोडा कमी, ती म्हणाली,
आणि त्या थोड्यावरच
माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं.

मग दर्जा.
एर्मिनियू सालीची फळी उचलायचा,
अंगठ्याने दाबायचा, हुंगायचा
आणि सांगायचा : पाचवा.
पाचवा का?
तो पुन्हा हुंगायचा.
मी लिहिलं, 'दृश्य तपासणी'.
नाकासाठी कोड नव्हता.

आणि मग तो रकाना :
मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंत
किती दिवस?

देओलिंदाने उत्तर दिलं नाही.
तिच्या खटारा गाडीत मला बसवलं,
पुढच्या सीटवर कुत्र्याचे केस, पायाशी कुऱ्हाड,
आणि थेट रानात नेलं.
झाडं कमरेपासून खाली सोललेली, तांबडी,
जणू कुणी विजारी उतरवून नेल्यात.
एका खोडावर पांढऱ्या रंगात मोठा सात.
सतरा साली सोललं, ती म्हणाली,
आता सव्विसात.
मधे हात लावायचा नाही.
घाई केलीस तर साल पातळ निघते,
आणि झाड लक्षात ठेवतं.

मी मोबाइलवर गुणाकार केला,
लीप वर्षं धरून :
तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी.
रकाना तीन आकडी होता.

मुख्य कचेरीला तिकीट टाकलं.
चौथ्या दिवशी उत्तर आलं, नम्र, दोन ओळींचं :
रकान्याची लांबी प्रमाणित आहे.
कृपया आपली प्रक्रिया बदलावी.

मी तो कागद छापला. का, माहीत नाही.
देओलिंदाने वाचला, चष्मा काढून परत वाचला,
मग म्हणाली, झाडाला तू सांगशील की मी?

जूनमधल्या एका शनिवारी रात्री
जुनं बंद केलं, नवं चालू केलं.
पिझ्झा गार झाला. पहाटे तीनला
साठा वजा चाळीस टन दाखवू लागला,
म्हणजे नसलेल्या मालापेक्षाही चाळीस टन कमी.
पाचला सापडलं : कुणीतरी अरोबा दोनदा गुणला होता.
तो कुणीतरी मीच.

सोमवारी नव्या यंत्रणेने पहिला सल्ला दिला :
मागच्या अंगणात हालचाल नसलेला साठा,
सहा महिने पडून, विकून टाका.
ऊन-पाऊस खात मुरायला ठेवलेल्या फळ्या होत्या त्या.
एर्मिनियू यादी घेऊन अंगणात गेला
आणि फळ्यांना वाचून दाखवली.
एवढा मोठ्याने हसलेला मी त्याला
एकदाच पाहिला.

रकान्यात मी नऊशे नव्व्याण्णव भरले.
करार संपला. बॅग उचलली.
पुढे ब्रागात पंपांचा कारखाना, मग एक इस्पितळ.
सगळीकडे कुणीतरी असतंच, वह्यांचा गठ्ठा
मांडीवर धरून बसलेलं,
आणि मला आता आधी त्याच्याशी बोलायची सवय लागली आहे.

परवा देओलिंदाचा संदेश आला.
यंत्र विचारतंय, माल उशिरा का?
कारण निवडा : संप, हवामान, वाहतूक, इतर.
काय निवडलं? मी विचारलं.

वाहतूक, तिने लिहिलं.
झाड अजून चालत आलं नाही.