स्वेटर हिरवा नव्हता

तुझ्या सिनेमात माझं नाव गास्पार आहे.
मी निबाल्दो. उमेदीची सगळी वर्षं
वालपराईसोच्या एका टेकडीवर लिफ्ट चालवली.
लिफ्ट म्हणजे रुळांवरची तिरकी लाकडी खोली.
एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते,
बास, एवढंच माझं शिक्षण.

गास्पार मात्र चित्रकार आहे.
त्याचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत.
तो खिडकीत उभा राहून समुद्राकडे बघतो,
फार वेळ बघतो.
आमच्याकडे समुद्राकडे इतका वेळ
फक्त कस्टमवाले बघायचे.

सोमवारी तिकीट अर्ध्या किमतीत, म्हणून गेलो.
शेजारची बाई पिशवीतून शेंगदाणे खात होती.
पडद्यावर तू मला सोडून गेलास
आणि ती खायची थांबली.

स्टेशन, धुकं. गास्पार गाडीमागे धावतो,
काचेवर तळवा टेकवतो.
अन्सेल्मो,
स्टेशनवर मी आलोच नव्हतो.
माझी दुपारची पाळी होती.
तू खाली उतरलास तो माझ्याच लिफ्टने,
तिकिटाचे सुटे पैसे मोजून दिलेस
आणि देवाशपथ, मी ते घेतले.
मागे रांगेत मासळीवाली होती, पाद्री होता,
तुझ्या आईची मैत्रीण होती.
रात्री शिपाई आणि दिवसा शेजारी,
असे ते दिवस.
सुटे घेण्यापलीकडे काय करता येत होतं, सांग.
ती नाणी मी जपूनबिपून ठेवली नाहीत.
संध्याकाळी गल्ला मोजला, हिशेब जुळला.

आणि स्वेटर हिरवा नव्हता.
तपकिरी होता, तुझा होता, कोपराशी उसवलेला.
नऊ हिवाळे मी तो अंगात घातला,
मग त्याने लिफ्टची पितळी मूठ पुसायचो,
मग त्यातलं पुसण्याइतकंही काही उरलं नाही.

दिवे लागले तेव्हा तू दाराशी उभा होतास,
हातात काठी. ती मला सिनेमात दिसली नव्हती.
एक पोरगेला मुलगा विचारत होता, हे खरं घडलंय का?
तू म्हणालास, बरंचसं रचलेलं.
मग मी दिसलो.
कसा वाटला, म्हणालास.
इतक्या वर्षांनंतरचा पहिला प्रश्न, तर हा.
मी म्हणालो, शेवट लांबला.
तू हसलास, ओठांच्या एकाच बाजूने,
ते तुझ्या नटाला काही केल्या जमलेलं नाही.

धक्क्याजवळ तळलेला मासा खाल्ला.
माझ्या ताटातला कांदा तू न विचारता उचललास
आणि मग, नजर ताटातच ठेवून, म्हणालास:
मला ठाऊक होतं तू धावला नाहीस.
पण कुणीतरी धावत यायला हवं होतं रे.
शेवटी पैसे देऊन एकाला धावायला लावलं.
सात वेळा धावला बिचारा.
तरी मला पटेना.

मासा गार होत होता.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
सांगण्यासारखं ते कुणाला वाटलंही नसतं.
म्हटलं, त्या दिवशी लिफ्टला किती वेळ लागला, आठवतं?
तू म्हणालास, यंत्र बिघडलं होतं ना.
पाद्री घड्याळ बघत होता. बाई कुरकुरत होती.
एका मिनिटाचा उतार,
मी चार मिनिटं उतरवत होतो.
यंत्राला काहीही झालं नव्हतं, अन्सेल्मो.
मला धावता आलं नाही.
मला सावकाश आलं.

तू काट्याशी खेळत राहिलास.
मग डोळे पुसलेस, त्याच कागदी रुमालाने
ज्याला माशाचं तेल लागलं होतं,
आणि डोळा चांगलाच झोंबला तुझा.
दोघं हसलो. वेटरने बिल ठेवलं.

लिफ्ट नऊला बंद होते. आता पावणेनऊ.
ती हल्ली एक पोरगी चालवते, भरधाव चालवते,
तिला कुणाला थांबवायचं नसतं.
वर आलास तर
माझ्या जिन्याला कठडा नाही,
आधीच सांगून ठेवतो.
काठी डाव्या हातात घे.