बूच

मार्साबिटच्या गोदामात चार वर्षं पडून होत्या.
प्लेटी भारलेल्या,
पण आत थेंबभर ओल नाही.
गाल्गालो वरची धूळ पुसायचा,
पोरांना दटावायचा,
हात लावू नका, हवा शिरली की संपलं.

आज दवाखान्याच्या पडवीत काबाले
रबरी हातमोज्यांनी कॅन तिरका करते.
ॲसिड उतरतं. प्लेटी पितात.
डब्यांच्या अंगात कणकण भरते.
अर्धा तास कुणी बोलत नाही.
पलीकडे विहिरीवर उंट
नवव्या दिवसाचं पाणी पितायत,
त्यांच्याही घशाचा तेवढाच आवाज.

मग काचेच्या नळीत आकडा वर येतो:
बाराशे साठ. बाराशे साठ. बाराशे
दहा.

काबाले पुन्हा मोजते.
गाल्गालो उंटांकडे बघत राहतो.

एकदाच,
नुसतं आत काय आहे बघायला,
त्यानं ते बूच फिरवलं होतं.