खिडकी क्रमांक दोन

येरवड्यात माझी पहिली ड्युटी कँटीनच्या खिडकीवर.
सोळाशे मीटर धावलो, छाती फुगवून दाखवली,
आणि आता फरसाण देतोय, शंभर ग्रॅमच्या पुड्या,
खोबरेल, दंतमंजन, कपड्यांचा साबण, बनियन नव्वदचं.
रोकड चालत नाही. घरून मनिऑर्डर येते,
खात्यावर चढते, मी वजा करतो.
लोणकर हवालदार सांगतात,
आधी बाकी बघायची, मग तोंड.

मंगळवारी बराक चारची रांग.
न्यायाधीन बंदी सागर झुरंगे, बाकी एकेचाळीस रुपये.
मी तोंड आधी बघितलं.

शिवाजीनगरच्या मैदानावर, पहाटे,
माझ्या पुढचा नंबर त्याचा होता.
धावण्यात तर पाऊण फेरी पुढे.
टेपवाल्यानं दोनदा मोजलं.
अर्धा सेंटिमीटर.
बाहेर येऊन त्यानं स्वतःचं केळं मला दिलं,
‘तू खा, तुझं अजून व्हायचंय.’

ओळखलं का, हे दोघांनीही विचारलं नाही.
साबण घेतला. बिस्किटाचा पुडा हातात धरून
परत ठेवला, हिशेब बसेना.
मग एक आंतरदेशीय मागितलं.
‘धाकट्याला कळवायचंय,
यंदा भरती निघालीय म्हणे.
त्याची छाती भरते.’

वहीत लिहिलं: साबण एक, आंतरदेशीय एक.
मी अंगठ्याचं पॅड पुढे सरकवलं, सवयीनं.
‘सही येते,’ म्हणाला.
मागे रांग ओरडायला लागली.
पेन परत दिलं त्यानं,
टोपण लावून.