किती दिवसांचं बेणं

मंचरच्या दुकानात टेमगिरेंनी आधी दर नाही सांगितला.
विचारलं, "दिवस किती आहेत?"

मला वाटलं, माझेच विचारतायत.
तसे तेही मोजलेलेच होते:
तीस नोव्हेंबरला कारखान्याचा शेवटचा भोंगा,
एकतीस जानेवारीला क्वार्टरची किल्ली परत.
खडकीतल्या तळमजल्याच्या त्या खोलीमागे
धुण्याच्या तारेखाली दहा बाय सहा माती,
तेवीस वर्षं चुलाणाच्या राखेवर पोसलेली.

"लावल्यापासून ब्याऐंशी," मी म्हणाले.

ते पोत्यांवर थापट्या मारत गेले.
ज्योती शंभर मागते. पुखराज नव्वद तरी.
"मग हा न्या. कुफरी लवकर."

कुफरी हे तिकडे शिमल्याजवळचं, थंडीत गारठलेलं गाव,
आणि लवकर आपलंच, घरातलं.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
बहुतेक एसटी चुकलेल्या माणसानं.

पलीकडच्या पाटीत लाल होते. सिंदुरी.
एक उचलून बघितला. डोळे खोल,
अंगावरची माती वाळून पापुद्रा झालेली.
"त्याला एकशेवीस लागतात बाई," टेमगिरे म्हणाले,
"घाईच नाही त्याला. टिकतो मात्र."
मी तो वजनात न धरता पिशवीत टाकला.
त्यांनी पाहिलं,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागले.

घरी मोठ्या बेण्याचे काप केले.
दर कापाला एक तरी डोळा;
डोळा नाही तो भाजीत.
आई मला बेणंच म्हणायची.
"कुठं उलथलंय ते बेणं?" अशी गल्लीभर हाक.
शिवीच ती.
पण उपाशी राहू, ते खाणार नाही,
अशा वस्तूची लोक शिवी का करतात,
हे मला नीटसं कधीच कळलं नाही.

कापांना राख फासली, दोन रात्री सावलीत ठेवले
जखमेवर खपली धरेपर्यंत.
दहा तारखेला वाफसा बघून लावले.
सिंदुरी कापला नाही.
नळाजवळच्या कोपऱ्यात अख्खाच पुरला,
आणि कुणाला काही बोलले नाही.

निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
तेव्हा कोंब बोटभर वर आले होते.
एक डिसेंबरला भोंगा झाला, मी सवयीनं उठले,
चपला घातल्या, दारापर्यंत गेले.
मग मागच्या दारानं बाहेर पडून
मातीची भर घालायला बसले.
बटाटा उघडा पडला की हिरवा होतो, कडू होतो.
माणसानंही थोडं झाकून असावं
पहिले काही दिवस.

चोवीस जानेवारीला काढले. सव्वासहा किलो.
लहानच, अंगठ्यानं साल सुटेल इतके कोवळे.
पिल्लेबाईंकडे, जोगदंडांकडे, वॉचमनकडे थोडे थोडे,
बाकीचे टेम्पोत, माझ्या मांडीवर, धायरीपर्यंत.
भाच्याकडे तिसरा मजला. माती म्हणजे कुंडीतली,
गॅलरीत तुळस आणि वॉशिंग मशीनचा पाइप.

मार्चमध्ये फोन आला.
भंडाऱ्याहून बदलून आलेली तनुजा बिसेन,
माझ्या खोलीत राहते आता.
"ओव्हाळकाकू, नळाजवळचं ते झुडूप
पार पिवळं पडून आडवं झालंय.
मी रोज पाणी घालत होते हो.
मेलं बहुतेक. उपटून टाकू?"

"पाणी बंद कर," मी म्हटलं. "आठ दिवस थांब.
मग उपटू नकोस. हातानं खण.
खुरपं लावू नकोस, साल फाटते."

तिकडे नळ गळत असल्याचा आवाज.
वॉशर बदललेला दिसत नाही अजून.

"खाली काय आहे काकू?"

मी बोटांची पेरं मोजत होते. एकशेवीस. वर एक.

"मी तरी कुठं पाहिलंय," म्हटलं.
"लाल असावं."