आज नऊ

हेलसिंकीत, तिसऱ्या मजल्यावर, माझं काम
माणसांच्या शब्दांना वजन लावायचं.
शंभरपैकी. रोज पहाटे चारला
यंत्र सगळ्यांना पुन्हा तागडीत घालतं:
कोण बोललं, किती जणांनी मान डोलावली,
कुणी ते उचलून पुढे दिलं,
कोण भांडलं. भांडणाला गुण जास्त.
माझे स्वतःचे अठ्ठावन्न आहेत.
कचेरीत पन्नासच्या खाली चालत नाही.

डिसेंबरात बुटांची एक कंपनी आली.
तिला बर्फातली माणसं हवी होती,
चाळीसच्या वरची.
मी चाळण लावली. वर राहिली
ती पांढऱ्या दातांची, कुत्र्यांसकट.
खाली पडलेल्या कोंड्यात एक नाव ओळखीचं निघालं.
ताइस्तो ह्युव्हारिनेन. गुण सहा.

आमच्या गावचा. सुओलायार्वीच्या काठी राहणारा,
टपालखात्यातून निवृत्त, एका कानाने कमी ऐकणारा.
मी त्याचं पान उघडलं.
रोज सकाळी सहा-दहाला एक ओळ.
आज चार.
आज साडेपाच.
आज साडेपाच, नदीच्या तोंडाशी तीन.
आज नऊ.
अकरा हिवाळे असंच. फोटो नाही, हसरा चेहरा नाही,
ख्रिसमसलासुद्धा नुसतं, आज तेरा.
खाली काळं कुत्रंही फिरकलेलं नाही.

रविवारी आईला फोन केला.
चर्चला कशी गेलीस? रस्त्याने बारा किलोमीटर पडतात.
"तळ्यावरून. ताइस्तोने नऊ म्हटलं होतं."
मग त्याला कधी एखादा अंगठा तरी दे ना, मी म्हटलं.
"अंगठा कशाला? वाचते की.
वाचते आणि जाते."
थोडं थांबून म्हणाली, "नाहीतर जात नाही."

मी तिला दर वर्षी सांगते, बर्फावर जाऊ नकोस.
अठ्ठावन्न गुणांनी सांगते.

नव्या वर्षापासून पंधराच्या खालच्यांना
मागे सरकवायचं ठरलं.
ठरलं म्हणजे, सही माझी आहे.
कुणाला काढायचं नव्हतं,
फक्त रांगेत मागे उभं करायचं.

जानेवारीतला मंगळवार. रात्री पाऊस झाला होता.
सकाळी सातला आईच्या फोनवर बूट आले.
एक मुलगी, गुण एक्क्याऐंशी,
कुठल्याशा तळ्याच्या मधोमध उड्या मारत होती.
ताइस्तोची ओळ वर आली दुपारी अडीचला.
आज नको.

तोवर काठावर आठ-दहा जण थांबले होते,
कपाळावर दिवे, हातमोजे काढलेले,
फोन वर धरत, खाली धरत. पलीकडे बसथांबा.
एइलाचा थोरला म्हणाला, काल बारा होतं,
एका रात्रीत काय होतंय,
आणि एक पाय टाकला.
जाड कापड फाडल्यासारखं टर्र झालं, आई सांगते.
पाय गुडघ्यापर्यंत भिजून परत आला.
बूट आला नाही.
मग कुणीतरी ताइस्तोच्या दारात गेलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
तो म्हणाला, मी लिहिलं होतं.

आमच्या नोंदीत तो दिवस असा:
ह्युव्हारिनेन, ताइस्तो. पोहोच शून्य. प्रतिसाद शून्य.
सहावरून पाच.
मागच्या अकरा हिवाळ्यांत जे बुडाले नाहीत
त्यांच्यासाठी आमच्याकडे रकाना नाही.
रास्मुसला विचारलं. तो म्हणाला,
जे घडलंच नाही ते मोजणार कसं?
प्रश्न चांगला होता. आम्ही कॉफी घेतली.

आता त्याने काठावर फळी ठोकली आहे,
खडूने लिहितो.
किती जण वाचतात गं, मी विचारलं. सवयीने.
आई म्हणाली, "बर्फावर पावलं आहेत.
ये आणि मोज."

मेच्या पहिल्या सुट्टीत गेले.
फळीवर होतं, संपलं.
पाणी मोकळं, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी
एक बूट, डाव्या पायाचा.
मी तिथे जरा वेळ उभी राहिले,
पुसलेल्या आकड्यांचे पांढुरके डाग बघत,
एकावर एक, इतके
की एकही वाचता येईना.