तरंगायलाय

बत्ताशा चौथ्या दिवशीही वरच.
पोट एका अंगाला, शेपूट लोंबती,
मानेजवळची गुलाबी पिसं पाण्याबाहेर सुकायलीत.
पाय मारतो, वीतभर खाली जातो
अन् बुचासारखा परत वर.

"बाबा, तरंगायलाय," मैथिली म्हणाली
अन् रडायलाच लागली.
तरंगतंय म्हणून रडणारं माणूस
मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला उलटं ठाऊक.
काकानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून
विहिरीत ढकललं होतं, नऊ वर्षांचा असताना.
थारोळ्यावर उभी राहून सगळी पोरं ओरडत होती,
तरंग की, तरंग!
पुढं पतसंस्था बुडाली तेव्हा मी कॅशियर.
त्या वर्षी हा एकच शब्द ऐकला,
काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, दाढी करताना
न्हाव्याच्या तोंडून, आरशातून.

डॉक्टर लोमट्यांना फोन लावला. ते गुरांचे.
"म्हैस फुगली असती तर तेल पाजलं असतं.
हे मासा आहे का सरडा?"
म्हटलं, दोन्ही नाही.
बराच वेळ ते गप्प.
"मग गार ठेवा. अन् खायला घालू नका.
निम्मी दुखणी तेवढ्यावरच जातात."

परभणीत एप्रिलात गार म्हणजे फ्रीज.
नळ येऊन आठ दिवस झालेले.
घागरीतलं शिळं पाणी, औषधाचा वास उडालेलं,
पाठ बुडेल एवढंच डब्यात ओतलं
अन् ठेवला त्याला
आईच्या इन्सुलिनखालच्या कप्प्यात,
कोथिंबिरीच्या जुडीला लागून.
"सुई काढताना माझ्याकडं बघायलाय गं त्यो," आई म्हणाली.
डोळ्याला पापणीच नाही, बघणार नाही तर काय करील?

रोज त्याचं पाणी बदललं.
आमच्या आंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या.
दोनदा लाइट गेली. फ्रीजच्या दाराला
मैथिलीनं चिठ्ठी चिकटवली:
उघडू नये. पेशंट आहे.

सहाव्या रात्री तहान लागली म्हणून उठलो.
फ्रीजच्या पिवळ्या उजेडात
डब्याच्या तळाशी एक निळा खडा,
हरभऱ्याएवढा.
टाकीत शोभेसाठी टाकलेल्या खड्यांतला.
ते खडे मीच निवडले होते,
निळे बरे दिसतात म्हणून.
अन् खड्याच्या पलीकडं तो,
चारी पाय टेकून, जड,
पिसं संथ हलवत.

दार उघडंच राहिलं.
गार हवा पायांवर उतरत होती.
"बुडाला," माझ्या तोंडून गेलं,
जरा मोठ्यानंच.

"कोण बुडालं रे आता?" आतून आई, झोपेतच.
"कोणी नाही.
बूड टेकलं त्याचं. झोप तू."